चपराशाच्या घरचा नळ

चंदीगडास जाणारा मराठी प्रवासी बहुधा सुखना सरोवर, नेकचंदांचे रॉक गार्डन आणि विधानसभेची भव्य वास्तू एवढे पाहून परततो. सेक्टर २२ मध्ये त्याचे जाणे झालेच, तर ते तेथील गजबजलेल्या बाजारातील खरेदीपुरते असते. परंतु खेड्यातील पाणी आणि स्वच्छता या प्रश्नाविषयी ज्याला आस्था आहे, त्याने या सेक्टरात, दुकानांच्या रांगा ओलांडून पलीकडे, विटांच्या साध्या, एकमेकींना लागून बांधलेल्या घरांपुढे घटकाभर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. शहरातील घरांपुढे उभे राहून खेड्याचा विचार का करावयाचा, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्या घरांच्या मागील दारी आहे.

फाळणीत लाहोर गेल्यावर पूर्व पंजाबच्या सरकारास नवी राजधानी वसविणे भाग पडले, आणि १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतबंधू पिअर जान्नरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य या कामास लागले. सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद अशा आयतांची, म्हणजे सेक्टरांची, ही नगरी. त्यांत सर्वांत आधी ज्यांवर वस्ती उभी राहिली त्यांत सेक्टर २२ हा प्रमुख, आणि त्याच्या रचनेवर जेन ड्रू यांचा हात विशेष फिरलेला. सरकारी नोकरांच्या वेतनाच्या पायऱ्यांप्रमाणे घरांचे तेरा-चौदा प्रकार ठरले होते. मुख्यमंत्र्यांच्या घरापासून सुरू झालेली ही उतरंड शेवटी चपराशाच्या आणि झाडूवाल्याच्या घरापाशी येऊन थांबे, आणि त्या शेवटच्या घरासाठी मंजूर रक्कम होती सुमारे ३,२५० रुपये. एवढ्या तुटपुंज्या तरतुदीत दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, ओटी आणि भिंतीआडचे छोटे अंगण एवढे बसविताना कोणीही काटकसरीच्या नावाखाली जी गोष्ट प्रथम छाटली असती, ती मात्र येथे छाटली गेली नाही: याही घरात नळ आला, स्नानाची जागा आली, आणि पाण्याने धुतला जाऊन मैलावाहिनीस जोडलेला शौचकूप आला.

प्रारंभी हे पाणी खोल कूपनलिकांतून येई. पुढे कजौली येथून भाक्रा कालव्याचे पाणी उचलून शहरास पुरविण्याची योजना झाली. मैलापाणी वाहून नेण्याच्या कामी तेथील भूमीनेच साहाय्य केले, कारण शिवालिकच्या पायथ्यापासून नैर्ऋत्येकडे जमिनीस स्वाभाविक उतार आहे आणि त्या उताराचा लाभ घेऊन नळ टाकता आले. हे सारे आज सामान्य वाटते. त्या काळी ते किती असामान्य होते हे समजण्यासाठी आपल्याच इलाख्यातील एका दप्तराकडे वळावे लागते. मुंबई सरकारने १९४९ मध्ये भंगीकाम करणाऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली होती. गावोगावच्या नगरपालिकांच्या हद्दीत घराच्या मागील खिडकीतून मैल्याची टोपली ओढून काढावयाची, ती डोक्यावर घ्यावयाची, पावसाळ्यात ती गळत असता तशीच गाडीपर्यंत न्यावयाची, आणि हे काम एका विशिष्ट जातीत जन्मलेल्या स्त्री-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या करावयाचे, हा त्या काळचा सर्वमान्य बंदोबस्त होता. सेक्टर २२ मधील नळाने एकाच वेळी दोन डोक्यांवरचे ओझे उतरविले: घरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि परक्याच्या डोक्यावरची टोपली. पाणी कोण आणतो आणि मैला कोण नेतो, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या व्यवस्थेत माणसाच्या नावाने द्यावी लागतात, ती व्यवस्था कितीही झाडलोट केलेली असली तरी तिला स्वच्छ म्हणण्यास माझे मन धजत नाही.

मग हीच व्यवस्था खेड्यात का नेऊ नये? कारण तांत्रिक आहे, आणि ते समजून न घेतल्यामुळेच पुष्कळ पैसा वाया गेला आहे. मैलावाहिनीत पाण्याचा वेग सेकंदास निदान ०.६ मीटर राहिला तरच तिच्यातील गाळ पुढे सरकतो. हा वेग राखण्यास भरपूर पाणी लागते, आणि म्हणून अशी व्यवस्था असलेल्या नगरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात. ग्रामीण भागासाठी हे प्रमाण अनेक वर्षे ४० लिटर होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर धरलेले आहे. दूरदूर विखुरलेल्या घरांच्या, कोठे खडकाळ तर कोठे काळ्या जमिनीच्या गावात ५५ लिटरांवर भुयारी गटार चालविणे म्हणजे ते तुंबण्याची तजवीज करून ठेवणेच होय. चपराशाच्या घरात उतरलेला न्याय खेड्यातील घरात उतरावयाचा, तर त्यास वेगळे यंत्र हवे.

योगायोग असा की, हे यंत्र ज्या परंपरेत घडले तिचा धागा चंदीगडापर्यंत पोहोचतो. या नगरीचा पहिला आराखडा कॉर्ब्युझिए यांनी नव्हे, तर अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मायर यांनी, मॅथ्यू नोविकी यांच्या साहाय्याने केला होता. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात वारले आणि ते काम पुढे दुसऱ्यांकडे गेले. हे मायर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे अभियंता म्हणून हिंदुस्थानात आले होते, आणि पंडित नेहरूंशी झालेल्या परिचयातून त्यांनी १९४८ मध्ये संयुक्त प्रांतातील इटावा जिल्ह्यात, महेवा भागातील खेड्यांत, ग्रामविकासाचा एक पथदर्शी प्रयोग सुरू केला. गावात राहून शेती, आरोग्य, साक्षरता अशा सर्वच बाबतींत लोकांना साहाय्य करणारा ग्रामसेवक ही कल्पना त्या प्रयोगात रुजली आणि २ ऑक्टोबर १९५२ पासूनच्या सामूहिक विकास योजनेतून देशभर पसरली. त्याच प्रयोगाच्या पोटी १९५४ मध्ये लखनौ येथे नियोजन, संशोधन व कृती यांसाठी एक संस्था निघाली, आणि तिने खेड्यासाठी पाणबंद भांड्याच्या शौचकूपाचा एक नमुना सिद्ध केला. एकाच माणसाने नव्या राजधानीचाही आणि इटाव्याच्या खेड्यांचाही विचार केला, ही गोष्ट आपल्याकडील नियोजनाच्या इतिहासात जितकी ठळक व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही.

या शौचकूपाची रचना अगदी साधी आहे. भांड्याचा उतार बराच तीव्र ठेवलेला असतो, जेणेकरून दीड-दोन लिटर पाणी ओतले तरी मैला वाहून जावा. शहरी टाकीच्या एका ओढीस याच्या पाच-सहापट पाणी लागत असे. भांड्याखालच्या वाकड्या नळीत सुमारे २० मिलिमीटर पाणी कायमचे अडून राहते. हा एवढासा पाण्याचा पडदा दुर्गंधी वर येऊ देत नाही आणि माशीस खाली जाऊ देत नाही. नळी पुढे एका लहान कुंडीत येते, तिला गावात चेंबर म्हणतात, आणि तेथून दोन तोंडांनी दोन खड्ड्यांकडे जाते. एका वेळी एकच तोंड उघडे, दुसरे बंद. खड्डा सुमारे मीटरभर व्यासाचा, आणि विटांचे बांधकाम जाळीदार, म्हणजे विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवून केलेले, यासाठी की पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत जिरावेत. तळाशी सिमेंट घालावयाचे नाही. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास एक खड्डा साधारण तीन वर्षे पुरतो. तो भरला की प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावयाचा आणि पहिल्यास झाकून विश्रांती द्यावयाची. वर्षा-दोन वर्षांच्या त्या विश्रांतीत जंतू आणि जंतांची चिवट अंडी मरतात, आणि उरतो तो मातीसारखा कोरडा, वास नसलेला खत-पदार्थ. टोपलीची गरज तेथेच संपते. मैला वाहून नेणाऱ्याची जात ज्या यंत्राने अनावश्यक ठरते, त्याहून अधिक सुसंस्कृत यंत्र मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात हा विचार आप्पासाहेब पटवर्धनांनी फार आधी आणि फार निष्ठेने केला होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्याची त्यांनी मागणी केली, ती नाकारली गेली तेव्हा उपोषण आरंभिले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या, आलटूनपालटून वापरावयाच्या कप्प्यांच्या संडासाचा पाठपुरावा केला. भंगीमुक्ती हा त्यांना उपदेशाचा विषय वाटला नाही, तो त्यांनी बांधकामाचा विषय केला, आणि त्यांचे खरे थोरपण मला येथे दिसते.

देहूस १९६० च्या सुमारास सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर हे त्याच वाटेने गेले. तुकोबांच्या गावात, इंद्रायणीकाठी, रोगी बरा होऊन घरी जातो आणि त्याच पाण्यामुळे पुन्हा दवाखान्यात येतो, हे पाहून त्यांनी संडास बांधण्याचा आग्रह धरला. त्यांनी पुढाकार घेऊन बांधविलेले पहिले काही संडास पावसाळ्यात ढासळले. एखादा अधिकारी येथे अहवाल लिहून मोकळा झाला असता. मापुसकरांनी मात्र आप्पासाहेबांकडे धाव घेतली, खड्ड्यांचे शास्त्र शिकून घेतले, देहूतच ठाण मांडले, आणि घरामागे घर करीत कित्येक दशके तो उद्योग चालविला. संडासास बायोगॅस संयंत्राची जोड देणारी 'मलप्रभा' पद्धतही त्यांनी रूढ केली. २०१५ मध्ये ते वारले आणि २०१७ मध्ये त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. या कहाणीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ते ढासळलेले खड्डे, कारण त्यांनी दाखविले की लोकांचे मन वळविणे पुरेसे नसते, मातीचे मनही जाणावे लागते. काळी चिकण माती पाणी झिरपू देत नाही आणि पावसात फुगून भिंत दाबते, म्हणून तेथे खड्ड्याभोवती वाळूचे वेष्टन द्यावे लागते. जांभ्यात वा भेगाळलेल्या काळ्या खडकात मात्र पाणी इतक्या वेगाने झिरपते की जवळच्या विहिरीस धोका पोहोचतो. विहीर आणि खड्डा यांत निदान १० ते १५ मीटर अंतर ठेवावे, हा नियम सर्वांस पाठ असतो; भेगाळ खडकाच्या गावी तो अपुरा पडतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आता पाण्याकडे वळू. दूषित पाण्याने होणारे रोग म्हटले की पटकी आणि अतिसार आठवतात. परंतु पाणवठ्याची रचना आणि रोग यांचा संबंध नारूने जितका स्पष्ट करून दाखविला तितका अन्य कोणत्याही व्याधीने नाही. वर्षभर शरीरात वाढलेली, कधी कधी मीटरभर लांब अशी कृमीची मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर पडू लागते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात घालतो, आणि त्या क्षणी ती हजारो पिल्ले पाण्यात सोडते. ती सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या जलजीवाच्या पोटात जातात, आणि तेच पाणी जो पितो त्याच्या शरीरात वर्षभरानंतर नवा नारू उगवतो. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत तो ओढून काढणे, एवढाच उपाय जुन्या लोकांना ठाऊक होता, आणि अर्ध्यात तुटला तर पाय सडे. यावर औषध नाही, लसही नाही. परंतु पायऱ्या उतरून ज्या बारवेत वा पायविहिरीत पाणी भरावयाचे, तिचे तोंड बांधून काढून कठडा घातला आणि पाणी रहाटाने ओढण्याची सोय केली, तर माणसाचा पाय पाण्यास लागतच नाही, आणि साखळी तेथेच तुटते. जोडीला दाट कापडातून पाणी गाळणे, सायक्लॉप्स मारणारे द्रव्य विहिरीत घालणे, हापसे बसविणे. महाराष्ट्रासह सात राज्यांत पसरलेल्या या रोगाविरुद्ध १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. औषधावाचून, मुख्यतः कठडा, रहाट आणि फडके यांच्या बळावर एक रोग या विशाल देशातून नाहीसा झाला. आणि हा विजय आपण इतक्या लवकर विसरलो की आजच्या मुलांना नारू म्हणजे काय हेही सांगावे लागते.

हापशाचे नाव निघालेच आहे, तर त्याच्या घडणीत मराठी मुलखाचा वाटा आहे हे नमूद करणे कर्तव्य वाटते. परदेशी शेतकऱ्याच्या एकट्या कुटुंबासाठी घडविलेले ओतीव लोखंडाचे पंप आपल्या खेड्यात शेकडो हातांखाली काही महिन्यांतच मोडत. जालना आणि सोलापूर येथे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी, साखळीने दांडा उचलणारा आणि पुष्कळ काळ टिकणारा पंप तयार केला. त्या नमुन्याच्या आधारे १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा हापसा सिद्ध झाला आणि पुढे जगभर गेला. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

अर्थात पाणी आले म्हणजे ते सर्वांचे झाले असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आजही नव्या योजनेत टाकीचा नळ कोणत्या वस्तीस शेवटी पोहोचतो आणि दाब कमी झाला की कोणाचा नळ आधी कोरडा पडतो, हे पाहिल्यावाचून मी कोणत्याही गावाच्या योजनेचे कौतुक करणार नाही.

पाणी शुद्ध करण्याचे नित्याचे साधन म्हणजे ब्लीचिंग पावडर; ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. १००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम हे ढोबळ प्रमाण. ती आधी बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावयाचे आणि निदान अर्धा तास थांबावयाचे. मग क्लोरीन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडीन, म्हणजे 'ओटी' चाचणीत नळाचे पाणी पिवळसर झाले, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक आहे असे समजावयाचे. हे काम जलसुरक्षकाचे. पण उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो, आणि मग नोंदवहीत रोज भरणा होत असूनही पाणी अशुद्धच राहते. आपल्या राज्यात पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल कार्ड हाती पडते तेव्हा कारण बहुधा मोठे नसते: गळका व्हॉल्व्ह, त्याच्या खड्ड्यात साचलेले डबके, आणि पाणी बंद झाल्यावर नळाने आत ओढून घेतलेली ती घाण.

घरात आलेले शुद्ध पाणी शेवटच्या हातभर अंतरात बिघडते. पिंपात वा माठात पेला बुडविताना बोटे बुडतात, एवढे पुरते. लांब दांड्याचे ओगराळे आपल्या आजीच्या काळी माठाशेजारी टांगलेले असे. त्यातील शहाणपण कोणत्याही शोधनिबंधापेक्षा उणे नाही. हात धुण्यास साबण नसेल तर चुलीतील राखही चालते; मातीने मात्र हात धुऊ नयेत, कारण अंगणातील मातीच पुष्कळदा दूषित असते.

सांडपाण्याचा विचार नळ आल्यावरच करावा लागतो, आणि तो सहसा केला जात नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे हटविली. सच्छिद्र सिमेंटची टाकी खड्ड्यात बसवून भोवती दगड भरण्याची ती रीत पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध झाली. डबके नाहीसे झाले की डासही कमी होतात, हे त्या गावाने दाखवून दिले.

खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि गावागावांत चुरस लागली. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनने घरोघरी संडास बांधण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण घरांपैकी तिसऱ्या हिश्शाहूनही कमी घरांत संडास होता, हे आठवले म्हणजे या कामाची व्याप्ती कळते. पण येथे एक काळजीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. खड्डा लवकर भरेल, मग तो उपसणार कोण, या धास्तीने पुष्कळांनी दोन खड्ड्यांऐवजी खोलीएवढी टाकी बांधली. तिला ते 'सेफ्टी टाकी' म्हणतात. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात न सोडता गटारात सोडले जाते, आणि टाकी भरली की शहरातून टँकर बोलवावा लागतो, जो कोठे रिता होतो हे कोणी विचारीत नाही. दुसरे घर एकच खड्डा बांधते आणि तो भरेल या भीतीने संडास केवळ म्हाताऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवते. या दोन्हींच्या मुळाशी तीच जुनी शिसारी आहे: मैल्यास हात लावणे हे आपले काम नव्हे, ते कोणा दुसऱ्याचे.

ही शिसारी मोडण्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव आणि निरनिराळ्या राज्यांचे अधिकारी तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी गेले, आणि विश्रांती पुरी झालेल्या खड्ड्यांत स्वतः उतरून त्यांनी आतील खत फावड्याने बाहेर काढले. रत्नागिरीच्या तुरुंगात पटवर्धनांनी जे मागितले होते, ते पंच्याऐंशी वर्षांनी सनदी अधिकाऱ्यांनी आपण होऊन केले. त्यांच्या हातात जे आले ते चहाच्या पुडीसारखे काळसर, भुसभुशीत आणि निर्गंध होते.

त्या वर्षांत आपल्या गावांतून जे संडास बांधले गेले, त्यांचे पहिले खड्डे आता भरले आहेत. चेंबरवरचे झाकण उचलावयाचे, एका तोंडाशी लावलेली वीट काढून ती दुसऱ्या तोंडाशी लावावयाची, भोवती ओली माती लिंपावयाची आणि झाकण पुन्हा बसवावयाचे. दहा मिनिटांचे हे काम आहे, आणि ते घरच्या माणसाने करावयाचे आहे.